आरशावरची माळ

गाडी मागे घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ असं ओरडणारा माणूस आपल्याकडे कुठेही मिळतो. भाजीवाला असतो, वॉचमन असतो, गाडीशी काडीचा संबंध नसलेला एखादा रस्त्यानं जाणारा गृहस्थही हातातली पिशवी खाली ठेवून हौसेनं हे काम करतो. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या गल्लीत हे काम शेजारचे गांगुर्डे काका करायचे. फक्त ते ‘येऊ द्या’ कधीच म्हणायचे नाहीत. ते एकच शब्द बोलायचे, ‘थांबा’.

बाकी वेळ गप्प. आपण गाडी मागे घेतोय, घेतोय, आरशात काका दिसताहेत, हात खाली सोडलेले, तोंड मिटलेलं. आपण घामाघूम. माझा नवरा नितीन एकदा वैतागून काच खाली करून ओरडला, “अहो काका, येऊ की नको ते तरी सांगा!”

“मी थांबा म्हटलो का?”

“नाही.”

“मग तुमचं तुम्ही बघून या.”

आता अशी मदत कुणाला हवी असते? पण नको म्हणायची सोय नव्हती. गल्लीत कुठेही गाडीचं इंजिन सुरू झालं की काका हातातला चहा तसाच ठेवून बाहेर यायचे. जेवत असले तर उष्ट्या हाताने यायचे. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच थांबा काका पाडलं होतं आणि काकांना त्याचं काही वाटत नव्हतं.

बुटके, काटक, पांढरे केस बारीक कापलेले, आणि अंगात कायम कंपनीचा निळा शर्ट. अंबडच्या एका कारखान्यात ते डिस्पॅच खात्यात होते. माल भरायला आलेले ट्रक आणि ट्रेलर धक्क्याला नीट मागे घेऊन लावायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते शर्ट काही संपत नव्हते. बायको, कमलकाकू, फार पूर्वी अपघातात गेल्या एवढंच आम्हाला ठाऊक. एकुलती एक मुलगी संगीता, ती येवल्याला दिलेली. तिच्या सासरी पैठणीचे हातमाग. महिन्या दोन महिन्यांनी ती यायची, घर झाडून काढायची, डबे भरायची आणि जाताना दरवेळी तेच भांडण करून जायची. “बाबा, इथं एकटं काय ठेवलंय? चला ना येवल्याला.” काका म्हणायचे, “बघू.” हा ‘बघू’ आम्ही भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकला होता की नितीन घरात मला तसंच उत्तर द्यायला लागला. भाजी आणता का? बघू!

काकांचा सकाळचा एक नेम होता. दूधवाला येऊन गेला की हातात ओलं फडकं घेऊन ते गल्लीभर फिरायचे आणि प्रत्येक गाडीचे आरसे पुसायचे. गाडी नाही हं, फक्त आरसे. स्कूटीचे, मोटारसायकलींचे, कुणाकडे आलेल्या पाहुण्यांच्या गाडीचेसुद्धा. एखाद्या मोटारसायकलवाल्यानं स्टाईल म्हणून आरसा काढून ठेवला असला, की संपलं. त्याच्या दाराशी जाऊन बसायचे. “आरसा लाव. माझ्यासमोर लाव.” लोक चिडायचे, मग हसायचे, मग लावायचे. मला तर सुरुवातीला वाटायचं, म्हातारा जरा सटकलाय. एकट्या माणसांना काहीतरी खूळ लागतं, त्यातलंच हे.

दसऱ्याला मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहायचं नाही.

दसऱ्याला आपल्याकडे गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. झेंडूच्या माळा बॉनेटवर, नंबरप्लेटवर आणि उरलेल्या दोन्ही बाजूच्या आरशांवर. गल्ली सगळी पिवळीधमक. त्या दिवशी काका सकाळपासून अस्वस्थ असायचे. एकेका गाडीजवळ जायचे आणि आरशावरची माळ काढून मुकाट्यानं बॉनेटवर ठेवायचे. कोपऱ्यावरच्या जाधवांनी एका वर्षी नवी मोठी गाडी घेतली होती. त्यांच्या आईनं स्वतः ओवलेली माळ काकांनी आरशावरून काढली आणि जाधव असे काही भडकले की विचारू नका. सणाच्या दिवशी पूजेला हात लावता? लाज नाही वाटत? काकांनी हात जोडले. पण माळ परत घातली नाही.

“बॉनेटला घाला, स्टेअरिंगला घाला, माझ्या गळ्यात घाला. आरशाला नको, माय. पाया पडतो तुमच्या.”

आणि खरंच त्या म्हाताऱ्या बाईंच्या पाया पडले. जाधवांचा राग जागच्या जागी विरला.

आमच्या गाडीला मागे कॅमेरा होता, आणि त्याचं काकांना भारी कौतुक. त्याच दसऱ्याला मी मागच्या दाराला कुंकू लावत होते. तिथे तो कॅमेऱ्याचा काळा मणी दिसला. गाडीचा डोळाच की तो! मी भक्तिभावानं त्यालाही हळदकुंकवाचं बोट लावलं. दुपारी आपट्याची पानं द्यायला बहिणीकडे निघालो, गाडी रिव्हर्सला टाकली, तर पडद्यावर सगळी गल्ली भगवी. नितीन माझ्यावर ओरडायच्या आत काका शर्टाच्या टोकानं कॅमेरा पुसत होते. पुसून झाल्यावर खिडकीशी आले आणि आत वाकून पडद्याकडे बघत राहिले.

“हा बरा हाय,” ते म्हणाले. “नुसतं दाखवतो. तोंड नाय त्याला.”

मी हसले. मला वाटलं, काका गंमत करताहेत.

पुढे दोन-तीन महिन्यांतच नितीनच्या डोक्यात नव्या स्टिरिओनं घर केलं. आमची गाडी जुनी, तिचा मूळचा स्टिरिओ छोटा. आणि नितीनच्या ऑफिसात कुणीतरी टॅबएवढ्या पडद्याचा स्टिरिओ बसवलेला. त्यात नकाशा दिसतो, गाणी दिसतात, फोन येतो. झालं! मुंबई नाक्याजवळ पिंटू नावाचा एक फिटर आहे, दणकट, पोट सुटलेला, बोलायला गोड. त्याच्याकडे नितीननं एका रविवारी जाऊन तो बसवून घेतला आणि गल्लीत येताना आवाज असा वाढवला की जाधवांची आई गॅलरीत आली.

सोमवारी मी ऑफिसला निघाले. मी एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते, उशीर झाला की रजिस्टरवर लाल शेरा. गाडी रिव्हर्सला टाकली. पडद्यावर आदल्या दिवशीच्या गाण्याचं चित्र तसंच. मागची गल्ली काही येईना. मी गिअर काढला, पुन्हा टाकला. नाहीच.

“थांबा!”

काका काचेशी आले. “मागचं दिसंना का?”

“नाही ना काका. नवा स्टिरिओ बसवलाय, त्यात कॅमेरा बंद पडलेला दिसतोय. बघू नंतर.”

“मग गाडी काढू नको.”

“अहो, मला उशीर होतोय! आरसे आहेत ना, तुम्हीच पुसलेत सकाळी.”

“रिक्षानं जा.”

मी इंजिन सुरूच ठेवलं. काका गाडीच्या मागे जाऊन डिकीला पाठ लावून उभे राहिले. आता काय करणार? मी चरफडत उतरले, दार आपटलं आणि रिक्षा पकडली. दिवसभर ऑफिसात मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की शेवटी मलाच कसंतरी झालं. फोनवर पिंटूनं नितीनला सांगितलं, “साहेब, नव्या स्टिरिओचं सॉकेट वेगळं येतं. कॅमेऱ्याची वायर बसत नव्हती, म्हणून डॅशबोर्डच्या मागं गुंडाळून ठेवली. टेन्शन नका घेऊ, सवय होते.”

शनिवारी गाडी घेऊन मीच गेले, कारण नितीनला जायला तोंड नव्हतं. आणि शेजारच्या सीटवर, दोन्ही हातांनी पट्टा धरून, काका. मी बोलावलं नव्हतं. सकाळी आठला आंघोळ करून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून दारात हजर, आणि स्वतः मागे उभं राहून मगच त्यांनी गाडी काढू दिली होती.

पिंटूनं डॅशबोर्ड खोलला. आतून वायरींचा गुंता बाहेर आला आणि त्यात ती कॅमेऱ्याची वायर, टेप लावून गुंडाळलेली. त्यानं मला समजावून सांगितलं, तेव्हा मला कळलं की भानगड दोन ठिकाणी होती. एक म्हणजे जुना स्टिरिओच कॅमेऱ्याला वीज पुरवायचा, आणि नवा पुरवत नव्हता. दुसरं, गाडी रिव्हर्सला टाकली आहे हे नव्या पडद्याला सांगणारं कुणी नव्हतं. मागच्या रिव्हर्सच्या दिव्यापासून एक वायर पुढपर्यंत आणायला हवी होती, म्हणजे दिवा लागला की पडद्याला कळणार. पिंटूला हे आधीही माहीत होतं. खरं तर आळस केला होता, आणि तो हसत कबूलही झाला.

“रविवारी गर्दी असते ताई.”

पिंटू डिकी उघडून दिव्याची वायर शोधत होता, सीट वर करून गालिच्याखालून वायर पुढे सरकवत होता, आणि काका दुकानाचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन गाडीच्या बरोबर मागे बसून होते. समोर मुंबई नाक्याचा गोंगाट. मी दोनदा चहा मागवला. त्यांनी दोन्ही वेळा तो बशीत ओतला आणि प्यायचं विसरून गेले.

शेवटी पिंटू म्हणाला, “ताई, टाका रिव्हर्स.”

टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग चित्र आलं. रस्ता, समोरचं पंक्चरचं दुकान, आणि निळ्या शर्टातले काका. मला एकदम आनंद झाला. “आलं काका! दिसताय तुम्ही!”

काका उठले आणि एका बाजूला सरकून उभे राहिले. तिथून त्यांनी हात वर केला.

“मी कुठल्या अंगाला हाय?”

मी पडद्यावर बघून सांगितलं, “उजव्या.”

“नीट बघ.”

“अहो उजव्याच. स्पष्ट दिसताय.”

मी सहज बाहेरच्या आरशात पाहिलं. उजव्या आरशात कुणीच नव्हतं. काका डाव्या आरशात होते, हात अजून वर केलेला. चित्र उलटं येत होतं. डावीकडचा माणूस पडद्यावर उजवीकडे.

पिंटू म्हणाला, “हा, मिररचं सेटिंग बंद राहिलंय. चालतं ओ ताई. आठ दिवसांत सवय होते.”

आणि काका खाली बसले. स्टुलावर नाही, रस्त्यावर. मला आधी वाटलं चक्कर आली. मी धावत गेले तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते गाडीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते, तिथे कुणी उभं असावं तसे. मीही मान वळवून पाहिलं. भरदुपारी अंगावर काटा आला माझ्या. तिथे नुसतं ऊन होतं.

“ती त्याच अंगानं आली,” काका म्हणाले.

“कोण काका?”

“आमची कमल.”

पिंटू गुपचूप पुढच्या सीटवर जाऊन बसला. पडद्यावरच्या सेटिंगमध्ये शिरला आणि चित्र सुलट करून दिलं. तसं दोन मिनिटांचं काम. पण काका उठेनात. मी त्यांच्याजवळ फूटपाथवर बसले, आणि मुंबई नाक्याच्या त्या गोंगाटात त्यांनी मला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्या कोपऱ्याकडेच बघत.

खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची, यंत्रांची पूजा होते आणि घरच्यांना आत यायची मुभा असते. बायका नटूनथटून येतात, पेढे वाटतात. संगीता लहान होती, सुट्टीला येवल्याला मामाकडे गेली होती. कमलकाकू एकट्याच आल्या, नवं लुगडं नेसून, पूजेचं ताट घेऊन. कंपनीत नवा ट्रेलर आला होता. तो धक्क्याजवळ आणून त्याची पूजा करायची होती. ट्रेलरला सजवायचं काम काकांकडे.

“मी लय हौशी माणूस व्हतो पोरी,” काका म्हणाले. “हे एवढाल्या माळा आणल्या. दोन्ही आरशांवर सोडल्या. मोतीराम ड्रायव्हर, पेठकडचा, साधा माणूस. तो बोलला, काका, आरशात काही दिसंना. मी म्हटलं, मी हाय ना! तू ये. त्याच्या अंगाला, उजवीकडं उभा राहिलो, आणि येऊ द्या, येऊ द्या करत ओरडायला लागलो. बायका बघत व्हत्या. मला लय चेव चढला. आणि ही दुसऱ्या अंगानं मागं गेली, ट्रेलरला कुंकू लावायला.”

मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

“थांब. अजून हाय,” ते म्हणाले. “पोलीस यायच्या आत मी त्या माळा काढल्या.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

मोतीरामनं पोलिसांना सांगितलं, आरशावर माळा होत्या, मला मागे बोलावणारा माणूस होता. पण आरसे स्वच्छ. पाहणाऱ्यांनीही दयेपोटी काही सांगितलं नाही. आणि ज्याची बायको गेली त्याला कोण विचारणार, की बाबा तू ओरडत होतास का? काकांनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं, बस्स. मोतीरामला शिक्षा झाली, लायसन गेलं. सुटल्यावर तो पेठला आपल्या गावी निघून गेला. संगीताला काकांनी येवल्याहून परत आणलंच नाही, मामाकडेच वाढवली. तिला एवढंच ठाऊक, की एका ड्रायव्हरनं न बघता गाडी मागे घेतली आणि तिची आई मेली. दरवर्षी आईच्या श्राद्धाला ती पान वाढते आणि त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडते. काका समोर बसून जेवतात.

“एकदा गेलो व्हतो मी पेठला,” काका म्हणाले. “सांगायचंच म्हणून गेलो. त्याच्या खोपटाशी पोचलो तर त्यानंच माझे पाय धरले. म्हणाला, काका, चूक माझीच. दिसत नव्हतं तर मी गाडी हलवायलाच नको व्हती. मला माफ करा. त्याच्या बायकोनं नागलीची भाकर वाढली. मी खाल्ली. आणि माफ केलं म्हणून आलो परत.”

आता तुम्हाला खरं सांगते, मला त्या क्षणी काकांची दया आली नाही. संताप आला. मी उठून उभी राहिले. हा माणूस सकाळ-संध्याकाळ गल्लीभर आरसे पुसत हिंडतो, मोटारसायकलवाल्या पोरांना आरसे लावायला लावतो, आणि तिकडे डोंगरात एक निर्दोष माणूस याच्या पाया पडतो? मी तसं बोललेसुद्धा. काकांनी नुसती मान हलवली.

“मेला तो. मागच्या साली. त्याला आता नाय सांगता येणार.”

“मग संगीताला सांगा.”

“तिला सांगितलं म्हंजी ती पण गेली.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तिच्या घरी राहून तिच्या हातचं खायचं. आणि ती त्याला शिव्या देणार, तो वर गेला तरी. मी तिच्याकडं राहायला का जात नाय, आता कळलं का तुला?”

कळलं. घरी येताना कॅमेरा एकदम छान चालत होता. गल्लीत गाडी लावताना पडद्यावर मागची भिंत, कुंडी, जाधवांची सायकल, सगळं आपापल्या बाजूला दिसलं. मी मात्र गिअर बदलताना पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. खोटं कशाला बोलू, आजही बघते. लुगड्याचा पदर दिसेल असं वाटतं. नितीनला हे सांगितलं तर तो म्हणतो, स्टिरिओच काढून टाकू. पण कॅमेऱ्याचा त्यात काय दोष?

त्यानंतर काका बदलले असं मी म्हणणार नाही. सकाळी आरसे पुसणं सुरूच होतं. गाडी निघाली की मागे उभं राहणंही. फक्त माझ्याशी नजर मिळवायचे नाहीत. मीही थोडी तुटकच वागत होते. आमटी दिली तर वाटी भिंतीवर ठेवून यायची, हाक मारायची नाही.

मग एका रविवारी सकाळी संगीता आली. काकांचा खोकला वाढला होता, आणि ह्या वेळी ती ‘बघू’ ऐकून घेणार नव्हती. कपड्यांच्या दोन पिशव्या तिनं भरल्यासुद्धा. मला म्हणाली, “वैशालीताई, तुमच्या गाडीनं सोडता का आम्हाला येवल्याला? बसमध्ये ह्यांना धक्के सोसायचे नाहीत.” मी हो म्हटलं. गाडी काढायला बाहेर गेले, तेव्हा काका दारात उभे होते. इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

“जरा वेळ दे,” ते म्हणाले आणि आत गेले. दार लावून घेतलं.

मी गाडीत बसून राहिले. आतून काही ऐकू येत नव्हतं. रडण्याचा आवाज नाही, भांडणाचा नाही. एखादं भांडं जरी पडलं असतं तरी बरं वाटलं असतं. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. गल्लीत ऊन पार उंबऱ्यापर्यंत आलं.

संगीता एकटीच बाहेर आली. मागचं दार उघडून बसली. मी आरशातून तिचा चेहरा पाहिला.

“चला,” ती म्हणाली.

“काका?”

“चला म्हटलं ना.”

मी गाडी रिव्हर्सला टाकली. पडद्यावर काका होते. दोन्ही पिशव्या घेऊन, गाडीच्या अगदी मागे, मधोमध. कधी बाहेर आले, कळलं नव्हतं. ते आम्हाला अडवत नव्हते. त्यांना कुठे उभं राहावं तेच सुचत नसावं. आत सेन्सर टुंई टुंई करायला लागला. संगीता दोन सीटच्या मधून पडद्याकडे बघत होती. तिनं तिच्या बापाला असं कधी पाहिलं नसेल, पडद्यात, एवढंसं, दोन्ही हातांत पिशव्या.

काका बाजूला झाले. पडदा रिकामा झाला. मी हळूहळू गाडी मागे घेतली आणि ते तिच्या खिडकीशी आले, तेव्हा ती म्हणाली, “थांबवा.” पलीकडे सरकून तिनं दार उघडलं. काका बसले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

फाट्यावरून मी येवल्यासाठी डावीकडचा इंडिकेटर दिला. सिग्नल लाल होता.

“त्याची बायको आहे का?” संगीतानं विचारलं.

“हाय.”

“तिथंच?”

“तिथंच हाय.”

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न मारला.

“ताई, येवला राहू द्या,” संगीता म्हणाली. “पेठला घ्या गाडी.”

मी काकांकडे आरशात पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी इंडिकेटर बदलला.

पेठच्या रस्त्याला घाट लागेपर्यंत एकदाच संगीतानं खिडकीची काच वर केली, काकांना वारा लागू नये म्हणून, आणि लगेच हात मागे घेतला. मला तिचा राग पटत होता आणि तो हातही पटत होता. पेठच्या अलीकडे काकांनी एका कच्च्या रस्त्याकडे बोट दाखवलं. पुढे गाडी जाण्यासारखी नव्हती. उतारावर खाली चार-पाच घरं दिसत होती, कुडाची, शेणानं सारवलेली.

“तुम्ही जा ताई,” संगीता म्हणाली. “आम्हाला इथून बस मिळेल.”

मी जायला हवं होतं. गाडी वळवायला जागा शोधली, थोडी पुढे गेले, थोडी मागे आले, आणि तोपर्यंत ती दोघं बांधावरून खाली उतरत होती. संगीता पुढे, दोन्ही पिशव्या तिच्या हातात. काका मागे. ते दमून थांबले की तीही थांबायची, पण मागे वळून बघायची नाही.

त्यानंतर काका मला दिसले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी ते येवल्याला, संगीताच्या घरीच वारले. मी दिवसकार्याला गेले होते, पण त्या दिवशी पेठला काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

गाडीतून, वरच्या रस्त्यावरून मी पाहिलं ते एवढंच. घराच्या अंगणात एक बाई नागली पाखडत बसली होती. संगीता अंगणाच्या कडेलाच थांबली. काका पुढे गेले, चपला काढल्या आणि त्या बाईसमोर जमिनीवर बसले. तिनं त्यांना ओळखलं असावं, कारण ती हसली आणि आत वळून पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारली. पाखडणं सुरूच होतं. काका बोलायला लागले. थोड्या वेळानं तिचे हात थांबले.